ब्याऐंशी टक्के

एम.एस्सी. करून कारखान्यात तू नेमकं काय करतेस, असं माझी आत्या मला दर दिवाळीला विचारायची. मी सांगायचे, भागाकार. तिला वाटायचं, पोरगी चेष्टा करतेय. पण खरोखर माझं निम्मं काम भागाकाराचंच होतं.

नगरजवळच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना होता. औषध कंपन्यांना लागणारी एक पिवळट पावडर आम्ही करायचो. रिअॅक्टरमध्ये टाकलेला कच्चा माल सगळाच्या सगळा बदलला तर किती पावडर निघेल, हे कागदावर आधीच काढता येतं. आमच्या एका बॅचला ते दीडशे किलो होतं. पण कागदावर होतं तसं रिअॅक्टरमध्ये कधीच होत नाही. थोडा माल बदलतच नाही, थोड्याचं भलतंच काही होतं, थोडा गाळताना जातो. म्हणून प्रत्यक्ष निघालेल्या किलोंना दीडशेने भागायचं आणि शंभरने गुणायचं. हा झाला यील्ड. एकशे तेवीस किलो निघाले तर ब्याऐंशी टक्के. हे शाळेतल्या पोरालाही जमेल, पण कंपनीला त्यासाठी एम.एस्सी. लागते.

मी नेवाशाची, ज्ञानेश्वरी नाव. कारखान्यात मात्र सगळ्यांची ‘म्याडम’ झाले. आमचे ऑपरेटर यील्डला यील्ड म्हणत नसत, उतारा म्हणत. एकरी उतारा, उसाचा उतारा, तसाच रिअॅक्टरचा. सकाळी शिफ्टला आल्याआल्या गहिनीनाथमामा विचारायचे, “म्याडम, कालच्या बॅचचा उतारा काय पडला?” जणू मी त्यांच्या वावरातली बाजरी मोजून आले होते. मी ब्याऐंशी म्हटलं की ते मान डोलवत आणि टोपी सारखी करत कामाला लागत.

गहिनीनाथमामा पाथर्डीकडचे, कोरडवाहू मुलखातले. आधी आईबापाबरोबर आणि लग्नानंतर बनुबाईबरोबर, दर वर्षी दसरा झाला की ते ऊस तोडायला खाली जायचे. त्यांचा थोरला, कल्याण, उसाच्या फडातल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, जन्मला. पोर दर वर्षी अर्धी शाळा गावात आणि अर्धं वर्ष उसात, असं वाढलं. मग मामांना कुणाच्या तरी ओळखीने आमच्या कारखान्यात ड्रम उचलायचं काम लागलं. त्यातून ते ऑपरेटर झाले. कल्याणला त्यांनी आयटीआयला घातलं आणि साहेबांच्या मागे लागून त्यालाही आत आणलं. मला ते एकदा म्हणाले होते, “कल्यानच्या हातात कोयता जाऊ द्यायचा न्हाई. माझं तेवढंच काम ऱ्हायलंय बघा. बाकी माझं झालं.” असं बोलताना त्यांचा आवाज जड वगैरे व्हायचा नाही. पाणी सोडायचं राहिलंय, असं सांगावं तसं ते सांगायचे.

आणि ते काम तसं सोपं नव्हतं. आमच्या पावडरचा यील्ड ऐंशीच्या खाली गेला तर हा सगळा विभाग बंद करून काम कंपनीच्या गुजरातच्या कारखान्यात हलवायचं, असं वरून ठरलेलं होतं. प्रॉडक्शन मॅनेजर देवचक्के साहेब ही गोष्ट दर सोमवारी मीटिंगमध्ये सांगायचे. ऑपरेटर मागे उभे राहून ऐकायचे. विभाग बंद म्हणजे ते सगळे घरी, हे त्यांना निराळं सांगावं लागत नव्हतं. कल्याण तर कंत्राटावर होता. त्याला त्याच दिवशी गेटबाहेर जावं लागलं असतं.

पण मी रुजू झाल्यापासून आमचा यील्ड हलला नव्हता. कधी एक्क्याऐंशी, बहुतेक वेळा ब्याऐंशी. देवचक्के साहेब खुशीत होते. त्या खुशीत त्यांनी एका मीटिंगमध्ये दोन निर्णय घेतले. रिअॅक्टरमध्ये रिअॅक्शन घडवून आणणारा कॅटलिस्ट असतो. तो गाळून पुन्हा वापरता येतो, पण ठरावीक वेळा. मग तो दमतो, बदलावा लागतो. साहेब म्हणाले, यील्ड पडत नाही तोवर कशाला बदलायचा? दुसरं म्हणजे, प्रत्येक बॅच मध्येच थांबवून माल पूर्ण बदलला का हे बघायला आम्ही नमुना लॅबला पाठवायचो. त्यात दोन तास जायचे. साहेब म्हणाले, यील्ड ब्याऐंशी येतोय म्हणजे बदललाच असणार. नमुना बंद करा. मी म्हटलं, सर, नमुना राहू द्या. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “मॅडम, तुमचाच आकडा आहे. तुमचाच तुमच्या आकड्यावर विश्वास नाही का?” सगळे हसले. मला अस्सा राग आला होता, पण त्यांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं. खरोखर, भागाकारात तर काही चूक नव्हती.

कल्याण तेव्हा भट्टीवर होता. भट्टी म्हणजे खरं तर मोठं झाकणबंद पातेलं, ज्याला बाहेरून वाफ देऊन तापवतात. पावडर गाळून झाली की मागे जे पाणी उरतं, त्याला कागदावर मदर लिकर म्हणतात आणि आमच्याकडे नुसतं एमएल. ते पाणी म्हणजे पाणी नव्हे, माल विरघळवणारं महागाचं सॉल्व्हंट. चारपाच बॅचचं एमएल टाकीत साठवायचं, भट्टीत उकळायचं, सॉल्व्हंटची वाफ थंड करून परत मिळवायची आणि तळाला जो काळा चिकट गाळ उरतो तो काढून ड्रममध्ये भरायचा. हे बसून करायचं काम. मामांनीच साहेबांना सांगून पोराला तिथे लावलं होतं, की रिअॅक्टरवरची ओझी नकोत, वास नको, आवारात एका बाजूला सावलीत बसेल.

कल्याण अबोल होता. बापासमोर तर मान वर करून बोलायचा नाही. मला ताई म्हणायचा. एके दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन बसले, तेव्हा तो पाण्याची बाटली भरायला आला आणि घुटमळला.

“काय रे कल्याण?”

“काही न्हाई ताई. तळाचं इचारायचं हुतं.”

“कसला तळ?”

“भट्टीचा. मागं बादलीभर ऱ्हायचा. आता ड्रम भरून वर उरतोय. लई घट्ट. आन् रातभर गार करून सकाळी काढला तरी हाताला ऊन लागतोय. असं असतंय का?”

“साहेबांना सांगितलंस?”

“त्ये म्हनले, थंडी सुरू झाली, म्हनून घट्ट हुतंय.” तो जरासा हसला. “थंडीनं गार व्हायला पाहिजे ना पर.”

मी म्हटलं, बघते. आत्ता भट्टीत काय आहे विचारलं, तर म्हणाला, सकाळीच नवीन भरली, निम्म्याच्या वर आटली. तो गेला आणि मी जेवत राहिले. घास तोंडात फिरायला लागला तो तेव्हा.

कारण हे कसं होईल? माल जेवढा टाकत होतो तेवढाच टाकत होतो. पावडर निघत होती तेवढीच निघत होती. मग गाळ कुठून वाढला? पाच भाकरींचं पीठ मळलं, पाच भाकरी झाल्या, आणि वर परातीत तीन भाकरींचं पीठ पुन्हा शिल्लक, असं दिसलं तर घरातली बाई काय म्हणेल? ती म्हणेल, यातल्या भाकरी कुणीतरी शेजारून आणून ठेवल्यात. एवढंच. याला एम.एस्सी. लागत नाही. मी ताट तसंच ठेवलं आणि ड्रायिंग रूमकडे गेले.

मामा तिथे एकटेच होते. वाळलेली पावडर ट्रेमधून ड्रममध्ये भरत होते. मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, “मामा, वजनाला बाहेरची पावडर घालता का तुम्ही?”

ते आधी हसले. “बाहीरची कुठनं आनू म्याडम? ही काय दुकानात मिळतीया?”

“मामा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातला खोऱ्या ट्रेवर ठेवला आणि मागच्या कोपऱ्यात गेले. पावडर गाळायच्या सेंट्रिफ्यूजच्या जुन्या पिशव्यांचा ढीग होता तिथे. तो बाजूला केला. खाली निळा ड्रम. झाकण काढून त्यांनी मला आत दाखवलं, तेव्हा त्यांच्या तोंडावर लाज नव्हती. उलट थोडा अभिमानच होता, आता कशाला खोटं बोलू. ड्रमच्या तळाशी ओंजळभर पिवळी पावडर उरली होती.

“तुमी यायच्या आदी उतारा लई झ्याक पडायचा,” ते म्हणाले. “अठ्ठ्याऐंशी बी पडलाय. सायबाला ऐंशीच लागतोय. मंग वरचं आमी काढून ठिवायचो. चांगल्या साली रास झाली का थोडं कनगीत टाकावंच लागतं का न्हाई? वाईट साली कामाला येतं. मागला पावसाळा सरला तवापून उतारा जरा पडाया लागला, मंग ह्यातलं घालायला लागलो. सगळ्यांनी मिळून ठरीवलं. तुमी नवीन, तुमच्या नावावर वाईट आकडा कशाला?”

माझ्या नावावर! “किती घालत होता?”

“आदी पाच-सात किलो. आता जास्ती लागतंय. काल वीस-बावीस घातलं. आता सरलं ह्ये. म्हनून म्या आज इचारच करीत हुतो, का तुमाला सांगावं.”

मी मार्कर काढला आणि त्या ड्रमच्याच झाकणावर हिशोब मांडला. एकशे तेवीसमधून बावीस गेले, एकशे एक राहिले. भागिले दीडशे. सदुसष्ट टक्के. कालच्या बॅचचा खरा यील्ड सदुसष्ट होता. त्याच्या आधीचा बहात्तर असेल, त्याच्या आधीचा पंचाहत्तर. कॅटलिस्ट कधीचा दमला होता. त्याने हात वर केले होते, आणि आम्ही वर बसून त्याला ब्याऐंशी मार्क देत होतो.

“मामा, ही कमी निघालेली पावडर कुठे गेली?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “जाती कुठं? कमी पिकलं म्हंजे कमी पिकलं. वावरात कमी आलं, तर ते काय कुठं जातं का?”

मी आजही या उत्तरावर चिडते आणि चिडून उपयोग नाही हेही मला कळतं. बाजरी कमी आली तर ती आलीच नाही, ती कुठेच नाही. माणसाने जन्मभर तेच पाहिलं आहे. कणसात दाणा भरला नाही, तो जगात नाही. त्यांचा हिशोब वावराचा होता आणि वावरात तो बरोबरच होता.

“रिअॅक्टरात तसं नसतं मामा,” मी म्हटलं. “आपण मोजून टाकलेला माल आहे तो. बदलला नाही तर तसाच राहतो. तो पाण्याबरोबर एमएलच्या टाकीत गेला. टाकीतून भट्टीत गेला.”

“मंग?”

मग मला नीट समजावून सांगायला वेळ राहिला नाही. आमचा कच्चा माल नायट्रो जातीचा. भरपूर सॉल्व्हंटमध्ये विरघळलेला असला तर काही करत नाही. पण सॉल्व्हंट आटवत नेलं, तो घट्ट होत गेला आणि खालून वाफ चालूच राहिली, तर एका टप्प्याला तो आपला आपण तापायला लागतो. मग वाफ बंद केली तरी तापतच राहतो. रात्रभर गार करूनही गाळ हाताला ऊन लागतोय, असं ते पोर मला पंधरा मिनिटांपूर्वी सांगून गेलं होतं. आणि त्या भट्टीत आज सगळ्यात वाईट चार-पाच बॅचचं पाणी होतं.

“भट्टी फुटेल,” मी म्हटलं. “कल्याणला तिथून काढायला पाहिजे.”

मोबाईल सगळ्यांचे गेटवर जमा. भट्टीवरचा फोन कधीचाच मुका पडलेला. आम्ही पळालो. मी पुढे, मामा मागे. त्यांच्या पायात ते जड बूट आणि गुडघे उसाने खाल्लेले. बॉयलर हाऊसला वळसा घालून आम्ही मोकळ्या आवारात आलो, तर समोर भट्टीची शेड आणि शेडच्या बाहेर, चांगला वीसेक पावलं बाहेर, नळावर कल्याण तोंड धूत होता. मला हायसं वाटलं.

“कल्याण, इकडे ये!” मी ओरडले. “आत जाऊ नको! इकडे ये!”

त्याने वर पाहिलं. तोंडावरून पाणी निथळत होतं. तो आमच्याकडे यायला लागला, दोन-चार पावलं आलाही.

मागून मामा ओरडले, “वाफ बंद कर! आरं कल्यान, आदी वाफ बंद कर!”

त्यांचं काय चुकलं? चुलीवर दूध उतू जातंय म्हटल्यावर माणूस आधी जाळ ओढतो. शिवाय भट्टी गेली की विभाग गेला, विभाग गेला की कल्याणच्या हातात कोयता आला, हे त्या माणसाच्या अंगात इतकं भिनलं होतं की त्याच्या तोंडून दुसरं काही निघणारच नव्हतं. हे सगळं मी आता म्हणते. तेव्हा मी वळून त्यांच्यावर किंचाळले, “नाही! त्याला आत नका पाठवू!” आणि पुन्हा पुढे पाहिलं, तोवर कल्याण फिरला होता. बापाने हाक मारल्यावर फिरायचा तसा, काही न विचारता. पाठमोरा पळत तो शेडमध्ये शिरला.

मी आणखी ओरडले. आतून शिट्टीसारखा एक बारीक आवाज सुरू झाला आणि वाढत गेला. मग शेडचे पत्रे उडाले.

स्फोटाने मला आवाराच्या भिंतीपर्यंत फेकलं, दंडाचं हाड मोडलं, एक कान अजून नीट ऐकत नाही. मामांना माझ्याइतकंच लागलं असतं, पण ते उठून आगीत गेले. पत्रा तापून लाल झालेला, तो हातांनी उचलायला लागले. चौघांनी ओढून बाहेर आणलं तेव्हा दोन्ही तळव्यांची कातडी गेली होती. कल्याण वाफेच्या व्हॉल्व्हपाशी सापडला. व्हॉल्व्ह त्याने बंद केला होता.

पुढे अशा वेळी होतं तसं सगळं झालं. कारखान्यांचे निरीक्षक आले, पोलीस आले, पेपरात चार ओळी आल्या. मी जबाबात कामाचं सगळं सांगितलं. कॅटलिस्ट न बदलल्याचं सांगितलं, नमुना बंद केल्याचं सांगितलं आणि निळ्या ड्रमचंही सांगितलं. देवचक्के साहेबांनी फक्त ड्रमचं सांगितलं. ऑपरेटरांनी कंपनीला फसवलं, असं ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. ते पाणी खरं होतं की काय कोण जाणे, मला ते पुसून त्यांच्या थोबाडावर मारावंसं वाटलं. विभाग बंद झाला. काम गुजरातला गेलं आणि सगळे ऑपरेटर घरी बसले.

पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात देवचक्के नव्हते. मामा होते. बॅचमध्ये पावडर घातली, ती अडाणीपणाने घातली, ते मी केव्हाच सोडून दिलं होतं. पण पोर बाहेर होतं! माझ्याकडे येत होतं! ही गोष्ट मी जबाबात सांगितली नव्हती. मला ती त्यांच्या तोंडावर सांगायची होती. मी त्याला बोलावत होते मामा, आणि तुम्ही त्याला आत घातलंत. हे वाक्य मी इतक्या वेळा घोकलं होतं की झोपेतही म्हणत असेन.

कल्याणचा दहावा होऊन गेल्यावर, हात गळ्यात बांधलेला असतानाच, मी पाथर्डीची एसटी धरली. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, कंडक्टर मात्र नगर-नगर करत होता. करंजीचा घाट चढून गेलं की मुलूख उघडाबोडका होतो. फाट्यावर उतरून मी चालत गेले. गावात निम्म्या घरांना कुलपं होती. टोळ्या उसाला गेल्या होत्या.

मामा ओसरीवर बसले होते. दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. टोपी नव्हती आणि डोकं भादरलेलं. मला ते एकदम ओळखू आले नाहीत. उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बनुबाई बसली होती. मी आले तर दोघांपैकी कुणीच “या” म्हटलं नाही. शेजारची एक म्हातारी मला पाणी देऊन गेली. जाताना कानाशी वाकून म्हणाली, “ती बोलत न्हाई त्याच्यासंगं. दहाव्यापून एक सबुद न्हाई. त्याला जेवाय बी मीच भरवतीया.”

मी बसले. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. त्यांना हाक मारायला मी तोंड उघडलं, तोच आतून बनुबाई बोलली.

“तू ती म्याडम का?”

“हो मावशी.”

“तू हुतीस तिथं.”

“होते.”

“ह्यो मानूस म्हनतोय, पोरगा भाहेर हुता. ह्यानं हाक मारली, म्हनून त्यो आत गेला.” ती मामांकडे बघतही नव्हती. “सोताच्या तोंडानं सांगितलं मला. लोकं म्हनत्यात, दुःखानं डोकं फिरलंय, कायबी बोलतोय. तू सांग. खरं हाय का?”

मामा खाली मान घालून पट्ट्यांकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, खूण केली नाही, काही मागितलं नाही. मी ज्यासाठी नगरहून तिथवर आले होते ते नुसतं ‘हो’ म्हटलं की झालं असतं.

“नाही मावशी,” मी म्हटलं. “आम्ही पोचायच्या आधीच तो आत होता. त्याला कुणाचीच हाक ऐकू गेली नाही.”

“देवाशपथ?”

“देवाशपथ.”

ती भिंतीला हात देऊन उठली, आत गेली, स्टोव्हचा आवाज आला. तिने मला कपात चहा आणून दिला. दुसरा कप बशीत ओतला, मामांच्या शेजारी ओसरीवर बसली आणि फुंकर घालून बशी त्यांच्या ओठांना लावली. ते प्यायले. चहा हनुवटीवरून ओघळला, तो तिने पदराने पुसला आणि मग त्याच पदरात तोंड घालून मोठ्याने रडायला लागली. मी तिकडे बघू शकले नाही.

निघताना मामा फाट्यापर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. हात छातीशी धरून, सावकाश. एसटीची वाट बघत आम्ही बाभळीखाली उभे राहिलो.

“बरं केलं म्याडम,” ते म्हणाले. “बनीला तसं सांगितलं ते.”

मी म्हटलं, “मामा, त्या गोंधळात कुणाला काय ऐकू गेलं असेल…”

“मला सगळं ऐकू आलं हुतं. तुमी ‘इकडं ये’ म्हनत हुता. त्यो येत बी हुता.” ते रस्त्याकडे बघत होते. लांब वळणावर एसटीची धूळ दिसायला लागली होती. “लहानपनापून तसाच. शाळंत जा म्हनलं, गेला. कंपनीत चल म्हनलं, आला. कदी उलटून बोलला न्हाई. एक डाव, म्याडम, एक डाव तरी माझं ऐकाया नगं हुतं त्यानं.”